दारूबंदीच्या राज्यात, पहिल्या पाळीच्या फाटकावर : काय करावे आणि काय लिहावे?

दांडियाबाजारकर (धागाकर्ता)

वडोदऱ्याजवळच्या एका मध्यम आकाराच्या रासायनिक कारखान्यात मी देखभाल विभाग पाहतो. कारखान्याचे नाव देत नाही, कारण हा प्रश्न आमच्या एकट्यापुरता नाही. नंदेसरी, रनोली, मकरपुरा, पादरा या पट्ट्यात ज्यांनी नोकरी केली आहे, त्यांना तो लगेच ओळखू येईल.

आमच्याकडे पन्नाशी ओलांडलेले एक ऑपरेटर आहेत. नवापुऱ्यातले, आपल्यापैकीच, सगळे त्यांना काका म्हणतात. पंपाच्या आवाजावरून बेअरिंग कधी जाणार हे सांगणारा माणूस. गेले काही महिने सकाळी सातच्या पाळीला येताना त्यांच्या तोंडात वेलदोडा आणि पानमसाला असतो, आणि तरीही वास यायचा तो येतोच. परवा हॉट वर्क परमिटवर (वेल्डिंगसारख्या ठिणगीच्या कामाच्या परवान्यावर) सही करताना पेन चौकटीबाहेर गेले. शेजारच्या पोराने काही न बोलता कागद घट्ट धरला आणि काकांनी पुन्हा सही केली. साडेआठच्या चहाच्या वेळी ते स्कूटरच्या डिकीपाशी जाऊन येतात, आणि त्यानंतर त्यांचा हात अजिबात हलत नाही. मला त्या थरथरीपेक्षा ही स्थिरताच जास्त घाबरवते.

हे सर्वांना ठाऊक आहे. पाळीप्रमुख त्यांना स्टोअरमध्ये मोजणीला बसवतात, मदतनीस त्यांच्या वाट्याचे व्हॉल्व्ह फिरवतो, लॉगशीटवर त्यांचे आकडे दुसऱ्याच्या अक्षरात असतात. कार्मिक विभाग म्हणतो, "आपण गुजरातमध्ये आहोत, नोंदवहीत दारू हा शब्द येता कामा नये, तब्येत बरी नाही एवढेच लिहा." लिहावे तर पोलीस, नोकरी आणि आयुष्यभराची ग्रॅच्युइटी डोळ्यांपुढे येते; न लिहावे तर रिॲक्टर, म्हणजे रसायनांची प्रक्रिया चालणारे पात्र, आणि त्यातला अपघात. व्यसनाच्या दुष्परिणामांवर उपदेश नको आहे, तो आम्हांला पाठ आहे. सकाळी सात वाजता फाटकावर नेमके काय करायचे, याची पद्धत हवी आहे.

सुरक्षा_निवृत्त

आपल्या कार्मिक विभागाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, पण त्यामागचे कारण चुकीचे आहे. "दारू पिऊन आला" हा निष्कर्ष झाला आणि तो काढणे हे पाळीप्रमुखाचे काम नव्हे. परंतु म्हणून "तब्येत बरी नाही" असे खोटे लिहिण्याचीही गरज नाही. डोळ्यांना जे दिसले तेवढेच लिहावे : सात वाजून दहा मिनिटांनी बोलणे अडखळत होते, जिना उतरताना कठड्याचा आधार घेतला, सही चौकटीबाहेर गेली, श्वासाला मद्यासारखा वास होता, सोबत अमुक व्यक्तीने हे पाहिले. त्याखाली एक वाक्य : "आज कामास योग्य वाटत नाहीत, म्हणून कामावर घेतले नाही." एवढ्या नोंदीने कोणीही गुन्हेगार ठरत नाही, आणि उद्या काही घडले तर आपण डोळेझाक केली असेही कोणाला म्हणता येत नाही.

मात्र रासायनिक कारखान्यात या नोंदीच्याही आधी करायची एक गोष्ट आहे, आणि तीच बहुधा राहून जाते. टोल्युइन किंवा तत्सम द्रावकाची वाफ छातीत गेलेला माणूस अगदी असाच झुलतो. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याची साखर उतरली तर तोही अडखळतो, घामेजतो, उगाच चिडतो. म्हणून पहिला मुक्काम कार्मिक विभागात नाही, प्रथमोपचार खोलीत. साखर तपासावी, आदल्या पाळीत तो कोणत्या टाकीवर होता हे विचारावे. रात्रपाळीत "प्यायला आहे, झोपू द्या" म्हणून कोपऱ्यात आडवा केलेला एक कामगार मी पाहिलेला आहे. तो टाकी धुऊन बाहेर आलेला होता.

दुसरे म्हणजे, कामावर न घेतलेल्या माणसाला त्याच्याच स्कूटरवर घरी पाठवू नये. कारखान्याची गाडी द्यावी किंवा घरच्यांना बोलवावे. आपण त्याला फाटकाबाहेर काढले आणि तो महामार्गावर गेला, तर आपण फक्त अपघाताची जागा बदलली.

श्वासपरीक्षण यंत्राबद्दल लोक विचारतात. रेल्वेत लोको पायलटची हजेरी लावतानाच चाचणी होते, वैमानिकांचीही होते, तेव्हा त्यात अपमानाचे काही नाही. पण ते यंत्र मॅनेजरसाहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सर्वांना लागू असावे. काकांपुरतेच आणले तर ती चाचणी राहत नाही, सापळा होतो. तोंडात माउथवॉश किंवा काही खाल्ल्याचा अंश असेल तर आकडा फसवा येतो, म्हणून पंधरा मिनिटे थांबून पुन्हा फुंकायला लावावे. बहुतेक चांगली यंत्रे मिथेनॉललाही (मिथाइल अल्कोहोल, म्हणजे विषारी औद्योगिक मद्यार्क) प्रतिसाद देतात, हेही आपल्यासारख्या ठिकाणी ध्यानात ठेवावे.

सरळमार्गी

एवढे लाड कशासाठी? नियम स्पष्ट आहे, राज्यात बंदी आहे. एकाला घरी बसवा, बाकीचे आपोआप सुधारतील. पन्नाशीच्या माणसाला आपण काय करतो आहोत हे कळत नाही काय?

कोठी_कचेरी

सरळमार्गी यांचा नियम वाटतो तितका सरळ नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्याकडचा कायदा म्हणजे मूळचा १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. महाराष्ट्रातही पाया तोच आहे. तिथे परवाने सढळ हाताने दिले गेले, इथे दिले गेले नाहीत, एवढाच फरक. परवान्याशिवाय मद्यसेवन हा इथे गुन्हा आहे, परंतु तो सिद्ध करायला नुसता वास पुरत नाही. कायद्यात रक्तातील मद्यार्काचे ०.०५ टक्के हे प्रमाण दिलेले आहे. तेवढे किंवा त्याहून जास्त आढळले तरच ते मद्य निषिद्ध नव्हते हे दाखवण्याचा भार आरोपीवर येतो, आणि त्यासाठी डॉक्टरने रीतसर घेतलेला नमुना लागतो. १९७१ साली बच्चूभाई हसनअली कारियानी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, तोंडाला वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यप्राशन सिद्ध झाले असे मानता येत नाही. तो खटला मोटार अपघाताचा होता आणि खातेनिहाय चौकशीत पुराव्याची पट्टी इतकी कडक नसते, हे खरे. तरीही "वास आला म्हणून काढले" या आधारावर उभे केलेले बडतर्फीचे प्रकरण कामगार न्यायालयात टिकवणे अवघड जाते.

उलट बाजूही सांगतो. काहींकडे आरोग्याच्या कारणाचा परवाना असतो. त्यांचे पिणे कायदेशीर आहे, पण परवाना पिण्याचा आहे, पिऊन रिॲक्टर चालवण्याचा नाही. म्हणूनच कारखान्याचा प्रश्न "प्यायला का" हा नसून "आत्ता कामास योग्य आहे का" हा असावा, असे माझे ठाम मत आहे. पहिला प्रश्न पोलिसांचा आहे. दुसऱ्याचे उत्तर मालकाला द्यावेच लागते.

सांभाळून घेणाऱ्या सहकाऱ्यांनी आणखी एक तरतूद वाचावी. कामावर इजा झाली आणि तिचे थेट कारण नशा हे ठरले, तर मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व सोडून इतर इजांची भरपाई देण्यास मालक बांधील राहत नाही. ही तरतूद १९२३ च्या भरपाई कायद्यात होती आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. काकांची चार बोटे गेली, तर त्यांचे व्हॉल्व्ह फिरवणारा पोरगा त्यांना ती भरपाई मिळवून देऊ शकणार नाही.

आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित विकारांनाही मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले आहे. त्यामुळे उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे हा रुग्णाचा हक्क ठरतो. कार्मिक विभागाने ती फाइल कॅन्टीनमध्ये चर्चेला घेऊ नये.

बडोदा_वैद्य

धागाकर्त्याने लिहिलेली एक गोष्ट वैद्यकीयदृष्ट्या फार महत्त्वाची आहे : काकांचा हात आधी थरथरतो आणि डिकीपाशी जाऊन आल्यावर स्थिर होतो. ही मौज नव्हे. रात्री घेतलेले मद्य उतरू लागले की सवय झालेली मज्जासंस्था उसळी मारते, आणि सकाळचा घोट ती शांत करण्यासाठी घेतला जातो. हे अवलंबित्व आहे, आणि म्हणूनच "उद्यापासून एक थेंबही नाही" असे दरडावणे धोक्याचे आहे. अशा माणसाने एकाएकी सोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम, ताप, प्रचंड घाम अशी अवस्था येऊ शकते जी उपचारांवाचून जीवही घेते. निलंबित होऊन घरी बसलेला, खिशात पैसे नसलेला माणूस नेमका याच सापळ्यात सापडतो. सयाजी रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे, कारेलीबागेतले मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. औषधांच्या छायेखाली सोडवणे ही तिथली रोजची बाब आहे.

"मी रात्री घेतो, सकाळी साफ असतो" हे वाक्य रोज ऐकतो, तेव्हा हिशेब मांडूनच टाकतो. १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये, बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेले असेल तर, सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. साधारण बांध्याच्या माणसाचे यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम निकालात काढते. म्हणजे एका क्वार्टरला सहा ते नऊ तास, आणि दोन क्वार्टर रात्री अकरापर्यंत संपवल्या तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रक्त साफ होत नाही. थंड पाण्याची अंघोळ, काळी कॉफी, लिंबू यांनी हा वेग वाढत नाही. आपल्याकडे तर चोरट्या दारूच्या पोटलीत काय आहे आणि किती आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते, त्यामुळे हा हिशेबसुद्धा कोलमडतो.

थोडे विषयाच्या कडेने, पण कारखान्याशी संबंधित. दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिराम हे औषध रबर उद्योगातून आले. १९३७ साली एका अमेरिकन कारखाना-डॉक्टरने नोंदवले होते की, रबराच्या प्रक्रियेतील थायुराम रसायने हाताळणाऱ्या कामगारांना दारू अजिबात सोसत नाही : चेहरा लाल, छातीत धडधड, मळमळ. औषध म्हणून त्याचा विचार पुढे १९४८ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये झाला. आपल्या भागात डायमिथाइल फॉर्मामाइड हे द्रावक वापरणारे कारखाने आहेत. त्याच्या संपर्कातील कामगारांतही एखाद्या पेगनंतर हाच लालपणा दिसतो. एखादा पोरगा थोडीशी घेऊनच लालबुंद होत असेल, तर त्याच्या पिण्याइतकेच त्याच्या हातमोज्यांकडे आणि वायुवीजनाकडेही पाहावे.

मांजलपूर_गृहिणी

वैद्यांनी त्या औषधाचा विषय काढला म्हणून लिहिते. आमच्या घरी हे बरीच वर्षे होते. माझ्या सासूबाईंनी कोणाच्या तरी सांगण्यावरून तीच गोळी कुटून यांच्या वरणात घालायला सुरुवात केली होती, यांना न सांगता. एका संध्याकाळी हे कामावरून येताना घेऊन आले, जेवले आणि पानावरच बसल्या जागी पांढरेफटक पडले. रुग्णालयात डॉक्टरांनी सासूबाईंना रागावून विचारले, "आजी, तुम्हांला मुलगा हवा आहे ना?" ही गोळी माणसाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायची असते, हे मला तेव्हा कळले.

कारखान्याबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. यांच्या पाळीतले लोक फार चांगले होते. यांच्याऐवजी पंचिंग करायचे, साहेब विचारू लागले तर "आत्ताच बाथरूमकडे गेले" म्हणायचे, पगाराच्या दिवशी घरी सोडायला यायचे. मी त्यांना चहा द्यायचे. घरी काय चालले आहे ते त्या सर्वांना दिसत होते, पण साहेबांना कोणी सांगितले नाही आणि मला कोणी विचारले नाही. त्यांनी पहिल्या वर्षीच हे पांघरूण काढले असते तर निदान माझा मुलगा दहावीत असताना घर शांत असते. "काकांचा संसार आहे, सांभाळून घेऊ" असे म्हणणाऱ्यांनी त्या संसारात एकदा डोकावून पाहावे.

आजचा_दिवस

मी स्वतः या वाटेने गेलेला आहे आणि आता पीत नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडलेल्यांच्या नाव न सांगणाऱ्या गटाच्या, सभेला जातो, त्यामुळे नावगाव लिहीत नाही.

बायकोच्या रडण्याने, आईच्या शपथेने मी थांबलो नाही. नोकरी जाईल या भीतीने थांबलो. कोणाला हे आवडणार नाही, पण व्यसनी माणूस शेवटपर्यंत जे जपतो ते पगार आणि पाळीतली आपली पत. म्हणून कारखान्याच्या हातात जे आहे ते घरच्यांच्या हातात नाही. माझ्या अधिकाऱ्यांनी मला बंद खोलीत बसवले, चार तारखांच्या नोंदी वाचून दाखवल्या, आवाज चढवला नाही, आणि एक पत्र पुढे ठेवले : उपचार पूर्ण करा, रजा आम्ही धरू, परत आल्यावर सहा महिने जोखमीचे काम नाही, महिन्यातून एकदा कंपनीच्या डॉक्टरांना भेट; यातले काही मोडले तर मात्र शिस्तभंगाची कारवाई. मी वाद घालायला आलो होतो, पण तारखांशी वाद कसा घालणार? "तू नेहमी पितोस" म्हटले असते तर मी तासभर भांडलो असतो.

मराठी वाचकांना मुक्तांगणचे नाव माहीत असतेच. पुण्यात १९८६ पासून ते व्यसनमुक्ती केंद्र चालू आहे आणि इथूनही माणसे तिकडे जातात. पण सगळ्यांना पुण्याला जाणे जमत नाही. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ निःशुल्क आहे, तिथून जवळचे केंद्र सांगतात. सरळमार्गी यांना एवढेच : मला कळत होते. कळण्याने हात थांबत नसे.

सरळमार्गी

वरचे दोन प्रतिसाद वाचून "घरी बसवा" हे म्हणणे मागे घेत नाही, पण पत्र आणि मुदत देऊन मग बसवा, इतके मान्य करतो. फुकटची सहानुभूती मला अजूनही पटत नाही.

वाघोडिया_रोड

आतापर्यंतची सगळी चर्चा कायम नोकरीतल्या काकांची झाली. ज्यांना ग्रॅच्युइटी नाही, रजा नाही, कंपनीचा डॉक्टर नाही, अशा ठेक्यावरच्या पोरांचे काय?

मी ठेकेदाराकडे देखरेखीचे काम करतो. बारा तासांच्या दोन पाळ्या लागोपाठ ओढणारी मुले दारू फारशी घेत नाहीत. दारू महाग आणि वास येणारी. ती वेदनाशामक गोळ्या घेतात. ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले, त्यामुळे उघड मिळणे कमी झाले, पण बंद झाले असे म्हणता येणार नाही. गोणी उचलताना पाठ दुखत नाही, झोप येत नाही, असे मुले सांगतात. मग ती गोळी नसली की अंग मोडून येते आणि दांडी पडते. श्वासाच्या यंत्रात यातले काहीच दिसत नाही. अलीकडे एमडीचे (मेफेड्रोन या अमली पदार्थाचे) नावही कानावर येते, आणि २०२२ साली आपल्याच सावली तालुक्यात मोक्षी गावाजवळ एमडीचा प्रचंड साठा पकडला गेला होता, तेव्हा हे मुंबईचे खूळ आहे असे समजण्यात अर्थ नाही.

आणखी एक, जे कोणी लिहिले नाही. १९८९ साली याच शहरातल्या लठ्ठाकांडात, म्हणजे विषारी दारूकांडात, शंभरावर माणसे गेली. जुलै २०२२ मध्ये बोटादकडे चाळीसहून अधिक गेली, आणि तिथे तर लोकांनी प्यायलेले मिथाइल अल्कोहोल एका औद्योगिक गोदामातून कर्मचाऱ्यानेच बाहेर काढलेले होते. आपल्या कारखान्यांत मिथेनॉलचे ड्रम उभे असतात. त्यांची मोजणी कोणाकडे असते? धागाकर्त्यांच्या पहिल्या पोस्टमध्ये उत्तर आहे : जो माणूस प्लांटवर ठेवता येत नाही, त्याला स्टोअरच्या मोजणीला बसवतात.

बडोदा_वैद्य

वाघोडिया_रोड यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून तातडीचे लिहितो. मिथेनॉल पोटात गेल्यावर बारा ते चोवीस तास माणूस बरा दिसू शकतो. मग पोटदुखी, धाप आणि डोळ्यांपुढे धुके किंवा बर्फासारखे पांढरे दिसणे सुरू होते. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि ते दृष्टीच्या मज्जातंतूवर घाव घालते. उतारा आहे, डायलिसिसही आहे, पण वेळेत पोहोचले तर. "उतरेल" म्हणून झोपवू नये आणि पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात "काहीतरी खाल्ले" असे सांगू नये. खरे कळले तरच डॉक्टर योग्य उतारा देऊ शकतात.

गोळ्यांच्या बाबतीत मुलांना हे सांगता येईल की, १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील ६४-अ कलमानुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचारांपर्यंत पोहोचणारे मुळात थोडे : २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीनुसार मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्यातरी स्वरूपाची मदत मिळते.

दांडियाबाजारकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. पुढे काय झाले ते थोडक्यात लिहितो.

वाघोडिया_रोड यांचा प्रतिसाद वाचला त्याच दिवशी काकांना स्टोअरमधून काढले आणि मिथेनॉलच्या ड्रमांची मोजणी दोन सह्यांची केली. नंतरच्या सोमवारी सुरक्षा अधिकाऱ्यांनी आणि मी मिळून फाटकावरची नोंद केली, काकांना प्रथमोपचार खोलीत नेले, साखर पाहिली, ती ठीक होती. तिथे बंद दाराआड तारखा वाचून दाखवल्या. काकांनी नाकारले नाही. त्यांनी एकच विचारले, "पोरांसमोर बोलणार नाही ना?" त्यांचा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी ते दाखल झाले. पत्राचा मसुदा आजचा_दिवस यांनी लिहिल्याप्रमाणेच आहे. कार्मिक विभागाने "दारू" हा शब्द काढून "उपचाराधीन स्थिती" असा घातला, त्याला मी विरोध केला नाही.

अडचण दुसरीकडून आली. पाळीप्रमुख नोंदीवर साक्षीदार म्हणून सही करायला तयार नाहीत. इतके दिवस मोजणीला बसवत होतात, मग तेव्हा का लिहिले नाही, असे वरून विचारले जाईल ही त्यांची भीती आहे, आणि ती खोटी नाही. तूर्त व्यवस्थापकांकडून एक परिपत्रक काढून घेतले आहे की, अमुक तारखेपूर्वीच्या सांभाळून घेण्याबद्दल कोणालाही जाब विचारला जाणार नाही. त्यावर ते विचार करीत आहेत.

ठेक्यावरच्या मुलांसाठी मात्र हातात काही नाही. व्यवस्थापनाचे म्हणणे, ती ठेकेदाराची माणसे.

कोठी_कचेरी

ठेकेदाराची माणसे असली तरी आवार आणि धोका मुख्य मालकाचा आहे, हे त्यांना लेखी विचारा. तोंडी उत्तर देताना लोक धीट असतात. ठेक्याच्या नूतनीकरणात दोन अटी घालता येतील : सलग दुसरी पाळी लावायची नाही, आणि कामास अयोग्य म्हणून परत पाठवलेल्या मुलाला उपचारांनंतर परत घ्यायचे. पहिल्या अटीला खर्च येतो, म्हणून तिच्यावरच घासाघीस होईल. आपला ठेका कधी संपतो ते कळवा, मसुदा करून देतो.

दांडियाबाजारकर (धागाकर्ता)

मार्चअखेर संपतो. व्यक्तिगत निरोपात जुना करार पाठवतो.